पोलाद थंड होताना

सोमवार, ४ फेब्रुवारी

दुपारी सव्वादोनला अग्निशमन दलाच्या ल्युबर्सचा फोन आला. कालव्याकाठची सोळा मजली इमारत बाराव्या मजल्यावर पेटली आहे, सांगाडा पोलादी आहे, तर ती किती वेळ उभी राहील? प्रश्न विचारण्याची ही रीत पाहा. जणू मी खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगते.

इमारतींच्या स्थैर्याची गणिते तपासून त्यांवर शिक्का मारण्याचा अधिकार या भागात आम्हा अकरा जणांना आहे. त्या अकरांतील सात जणांच्या हाती मी माझ्या बागेतले लाकडी खोपटेही सोपवणार नाही. ल्युबर्सने निदान योग्य व्यक्तीला फोन केला.

मी पोचले तेव्हा बारावा आणि तेरावा असे दोन्ही मजले पेटलेले होते. ल्युबर्स म्हणाला, "कागदावर नव्वद मिनिटांची हमी आहे, डॉक्टर. म्हणजे अजून वीस मिनिटं आहेत ना आपल्या हातात?"

नव्वद मिनिटे! या देशात ज्याला दुसरे काहीही ठाऊक नसते त्यालाही हा आकडा ठाऊक असतो. एकटी तुळई घ्यायची, भट्टीत ठेवायची, ठरलेल्या गतीने भट्टी तापवायची आणि नव्वद मिनिटे ती टिकली की प्रमाणपत्र द्यायचे. भट्टीतल्या तुळईला शेजारी नसतात, डोक्यावर चार मजले नसतात आणि तिच्या टोकांना वाढायला मोकळी जागा असते. इमारतीतली बारा मीटरची तुळई सहाशे अंशांवर दहा सेंटिमीटर लांब होऊ पाहते. तिला लांब होऊ देणारे तिथे कोणी नसते. ती खांबांना ढकलते, खांब हटत नाहीत, मग ती स्वतःच झोळ घेते. हे मी वीस वर्षे व्याख्यानांत सांगत आले. समोर माना डोलतात. दाराबाहेर पडले की पुन्हा नव्वद.

मी ल्युबर्सला सांगितले, दहाव्याच्या वर एकही माणूस नको, आत्ता, या क्षणी.

"आणि आग?"

"जळू द्या. खालून पाणी मारा."

त्याच्यामागचा एक जवान पुटपुटला, "झालं. बाईंनी पुस्तक उघडलं." माझे कान उत्तम आहेत.

इमारतीचा केअरटेकर पावेल्चिक नावाचा एकाहत्तर वर्षांचा माणूस आहे. घरातल्या सपाता घालून तो बर्फात उभा होता. त्याने दारे ठोठावून त्रेचाळीस घरे रिकामी केली, दोन म्हाताऱ्यांना पाठीवर घालून आणले, असे ल्युबर्स कौतुकाने सांगत होता. मला तो एकच प्रश्न विचारत राहिला: "बारावा-तेरावाच पेटलाय ना? वर जाईल का आणखी?" सरकारी चौकशीत असे विचारणारे लोक पुढे फार कंटाळा आणतात.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सकाळी साडेसहाला आग विझली. सतरा तास. इमारत उभी आहे.

वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर माझ्याविषयी मजकूर आहे. 'पडणार म्हणून दलाला मागे घेतले, पण पडली नाही.' हे लिहिणाऱ्यांच्या मते पूल पडल्याशिवाय पुलावर जाण्यास मनाई करू नये. ज्याला धोका आणि घटना यांतला भेद कळत नाही, त्याच्या हाती लेखणी देणाऱ्या संपादकांची मला कीव येते. नाही, कीवही येत नाही.

ल्युबर्ससह अकराव्या मजल्यापर्यंत चढले. डोक्यावरच्या छताला चिरा आहेत. काँक्रीट निखळलेल्या जागेतून बाराव्याच्या तुळया दिसतात. दोरीवर टाकलेल्या ओल्या चादरीसारख्या मध्ये खाली आल्या आहेत. सर्वांत मोठा झोळ एकोणतीस सेंटिमीटर. खांब सरळ आहेत. काँक्रीट हाताला ऊबदार लागते. मोजमापासाठी चार ओळंबे लावले आणि आठ चिरांवर काचपट्ट्या चिकटवल्या; चीर रुंदावली की पट्टी तडकते. ल्युबर्सच्या माणसाने पहिली पट्टी तिरपी लावली होती. काढून पुन्हा लावायला लावली.

बुधवार, ६ फेब्रुवारी

शाळेच्या व्यायामशाळेत रहिवाशांची सभा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागातर्फे ओस्टरकाम्प आला होता. हा गृहस्थ माणसे पाहून मत बनवतो आणि मग ते मत स्वतःचे असल्यासारखे मांडतो.

लोकांना आपापल्या घरांत जायचे आहे. फक्त दहा मिनिटे, फक्त आवश्यक वस्तू. सहाव्या मजल्यावरची नर्मिन अक्सू ही परिचारिका उभी राहून म्हणाली, "माझ्या आईला रविवारी विमानानं इझमिरला जायचंय. पासपोर्ट वर आहे, औषधं वर आहेत. बिल्डिंग उभी आहे, आग विझली आहे. आता नेमकी कशाची वाट बघताय? बिल्डिंगनं तुम्हाला पत्र लिहून कळवायचं का?"

लोक हसले. ओस्टरकाम्पही हसला आणि लगेच माझ्याकडे पाहून थांबला.

मी सांगितले की निर्णय गणिताने होईल, टाळ्यांनी नाही.

पावेल्चिक मागे भिंतीला टेकून उभा होता. तो एवढेच म्हणाला, "घाई नको." सभेला आलेल्या शंभर माणसांत माझ्या बाजूने बोललेला तो एकटाच, आणि त्याच्याकडे कारण नव्हते. कारणाशिवाय माझ्याशी सहमत होणारे लोक मला विरोधकांपेक्षाही नकोसे वाटतात.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

गणित पूर्ण झाले. दोन्ही जळलेल्या मजल्यांचा सांगाडा खांबांसह मांडला, दर पाच मिनिटांचे तापमान घेतले, आग लागल्यापासून विझेपर्यंत, पूर्ण सतरा तास. सर्वांत वाईट क्षण सोळाव्या तासाचा होता आणि तेव्हाही सांगाडा तग धरून होता. आता तर पोलाद निवते आहे. बांधकामाचे पोलाद निवले की आपली ताकद जवळजवळ संपूर्ण परत मिळवते. याचा अर्थ, जे काल उभे होते ते आज अधिक भक्कम उभे आहे. दहाव्या मजल्यापर्यंत मर्यादित प्रवेशास हरकत नाही. शनिवारी सकाळी दहापासून, एका वेळी सहा घरे.

सही केली, शिक्का मारला. ओस्टरकाम्पने कागद दोन्ही हातांनी घेतला.

दुपारी काचपट्ट्या पाहायला गेले. आठांपैकी तीन तडकल्या आहेत. चिरा दीड ते दोन मिलिमीटर रुंदावल्या. निवताना काँक्रीट आकसते, त्यामुळे हे अपेक्षितच. पूर्वेचा ओळंबा सात मिलिमीटर आत सरकला. बाहेर उणे सहा आहे, तेही अपेक्षित.

पावेल्चिक तळमजल्याच्या खांबाला कान लावून उभा होता.

"डॉक्टरबाई, ती ओढतेय हो."

"कोण?"

"बिल्डिंग. आग होती तेव्हा ढकलत होती, तो आवाज वेगळा. आता ओढतेय. मधूनच टण्ण करते. या, लावा कान."

"पोलाद निवताना वाजतेच. तुमच्या स्वयंपाकघरातला तवाही वाजतो."

"तव्याला बोल्ट नसतात."

मी विचारले, "आपण कोणत्या विद्यापीठात शिकलात?"

"पन्नास मीटर उंचावर," तो म्हणाला. "खाली जाळी नव्हती. हा सांगाडा आम्हीच चढवला, एकाहत्तर साली. तेवीस वर्षांचा होतो. वरच्या मजल्यांचं एक आहे, डॉक्टरबाई, म्हणजे तेव्हा काय झालं होतं की…"

इतक्यात ओस्टरकाम्प छायाचित्रकारासह आला आणि पावेल्चिक गप्प झाला. वाक्य अर्धे टाकणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. मी उरलेले अर्धे मागितले नाही.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

उणे आठ. पूर्वेचा ओळंबा अकरा मिलिमीटर. सहा पट्ट्या तडकल्या. आवाजांची नोंद ल्युबर्सच्या पहारेकऱ्याने ठेवली आहे: सकाळी आठ ते दुपारी चार, एकूण चौदा. नोंदवहीचे रकाने त्याने हाताने आखले आहेत आणि एकही रेघ सरळ नाही.

ल्युबर्सने विचारले, "हे सगळं ठीक आहे ना, डॉक्टर?"

"आकडे निवण्याशी सुसंगत आहेत."

"म्हणजे ठीक?"

"मी सुसंगत म्हटले."

शनिवार, ९ फेब्रुवारी, दुपार

क्रमाने लिहिते.

साडेनऊला पोचले. फितीमागे दीडेकशे माणसे, धुण्याच्या टोपल्या, सुटकेसी, एक लहान मुलाची गाडी. इमारतीची तिन्ही दारे बंद होती: मुख्य, तळघराचे आणि मागच्या जिन्याचे. कुलूप नव्हते. पहाऱ्याची पाळी बदलत असताना पावेल्चिकने ती चौकटींना वेल्डिंग करून टाकली होती. तो मुख्य दारासमोर बीअरच्या क्रेटवर बसला होता; वेल्डिंगचा मुखवटा मांडीवर, थर्मास पायाशी.

नर्मिन अक्सू फितीवरून ओरडली, "पावेल्चिक, डोकं फिरलंय का तुमचं? वीस वर्षं तुम्हाला ईदचा बकलावा चारला तो यासाठी?"

"बकलावा चांगलाच होता, नर्मिन. तू तिथंच उभी रहा."

"माझ्या आईचा पासपोर्ट!"

"नवा मिळतो."

ओस्टरकाम्प म्हणाला, हा गुन्हा आहे. पावेल्चिक म्हणाला, लिहून घ्या, पावेल्चिकमध्ये 'सी' नंतर 'झेड' येतो, कचेरीतले लोक नेहमी चुकतात.

मी फीत ओलांडून त्याच्यापाशी गेले. दाराचा सांधा निर्दोष होता, एका लयीत ओढलेला, कुठेही बुडबुडा नाही. हे नमूद करणे भाग आहे.

"कारण सांगा," मी म्हटले.

"ती ओढतेय."

"हे कारण नव्हे, हा आवाज आहे. कारण आहे की नाही?"

"आहे."

"मग सांगा."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग वर पाहिले. "नाही सांगता येत, डॉक्टरबाई. मेलेल्या माणसांचं आहे ते."

मी तिथून निघाले. दहा वीसला पोलिसांच्या गाडीत बसून तक्रारीवर सही केली. सार्वजनिक कामात अडथळा, मालमत्तेचे नुकसान.

कटर आणायला वीस मिनिटे लागली, सांधा कापायला तासभर. ल्युबर्सचा माणूस म्हणाला, एवढा जाड टाका त्याने जहाजावरही पाहिला नाही. अकरा चाळीसला मुख्य दार सुटले. नर्मिन अक्सू रिकामी टोपली घेऊन फितीखालून वाकली.

वरून एक आवाज आला. मग त्यासारखे सहा-सात, एकामागून एक. पोलिसांनी बाजूला उभ्या केलेल्या पावेल्चिकने कटरवाल्या दोघांना पट्ट्यांनी धरून ओढले. तेरावा मजला बाराव्यावर बसला. क्षणभर इमारत तशीच राहिली, आणि मग पूर्वेचे खांब बाहेर वाकले. पुढचे धुळीमुळे दिसले नाही.

पावेल्चिकचे गळ्याजवळचे हाड आणि दोन बरगड्या मोडल्या. एका जवानाचा घोटा मोडला. मृत नाहीत. त्रेचाळीस घरांतील माणसे मी यादीवरून मोजली. तीनदा.

सोमवार, ११ फेब्रुवारी

आता मूर्खांचा हंगाम सुरू झाला आहे. आगीने पोलादी इमारत पडत नाही, कोणीतरी सुरुंग लावला, असे एक निवृत्त दंतवैद्य चलचित्रात सांगतो आणि चार लाख लोक ते पाहतात. त्याचा युक्तिवाद असा, की पोलाद दीड हजार अंशांना वितळते आणि घरातली आग तेवढी तापत नाही. पोलादाने वितळावे अशी अपेक्षा कोणी केली आहे? साडेपाचशे-सहाशे अंशांना ते आपली निम्मी ताकद टाकते. या माणसाने आयुष्यभर लोकांच्या दाढा काढल्या, हे ऐकून मला त्या दाढांविषयी सहानुभूती वाटली.

ल्युबर्स भेटला. "पावेल्चिकवरची तक्रार मागे घेणार ना?"

मी म्हणाले की दार अडवणे हा गुन्हा होता. परिणाम चांगला झाला म्हणून कृती कायदेशीर ठरत नाही.

"त्यानं दार सांधलं नसतं तर त्या वेळी आत छत्तीस माणसं असती, डॉक्टर. मी पाळ्या लावून पाहिल्या."

मी म्हणाले की आपण पाळ्या लावाव्यात, कायदा मी पाहीन. तो टोपी घालून गेला, दार न लावता.

इमारत का पडली याचा अहवाल मीच लिहायचा आहे. ज्याने शिक्का मारला त्यानेच पडझडीचा अहवाल लिहावा, ही कल्पना ओस्टरकाम्पची. त्याला ती सोयीची वाटते, यावरून ती चुकीची असणार. पण माझ्याइतका तो कोणी लिहू शकणार नाही, हेही खरे.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सापडले.

ढिगाऱ्यातून बाराव्या आणि तेराव्या मजल्याच्या तुळयांची टोके काढून पटांगणात मांडली आहेत. प्रत्येक टोकाला पट्टी, पट्टीत आठ भोके, आठ बोल्टांसाठी. एकोणीस टोके पाहिली. एकोणिसांतही दोन-दोन भोकांच्या कडेला मूळचा तांबडा रंग जसाच्या तसा आहे. तिथे बोल्ट कधी बसवलाच नव्हता. आठांच्या जागी सहा!

इतका संताप आणि इतका आनंद एकाच वेळी मला पूर्वी कधी झाल्याचे आठवत नाही. माझे गणित आठ बोल्टांचे होते. नकाशात आठ, प्रमाणपत्रात आठ. ज्या इमारतीवर मी शिक्का मारला ती ही इमारत नव्हेच. ती कोणा मजुरांनी अंगावर घेतलेल्या कामाच्या घाईत विरूप केलेली दुसरीच वस्तू होती.

थेट इस्पितळात गेले. पावेल्चिक उशीला टेकून शब्दकोडे सोडवत होता. छायाचित्र त्याच्या पुढ्यात ठेवले.

त्याने चष्मा काढला. "शेवटी सापडलं म्हणायचं."

"बोला."

"ढाचा पुरा झाला की वर हार चढवतात, माहीत आहे ना? पाना-फुलांचा, फिती लावलेला. शुक्रवारचा समारंभ ठरला होता. महापौर येणार, बँड येणार, बीअरची पिंपं येऊन पडलेली. आणि बोल्टांची गाडी आलीच नाही. मुकादम ग्रोशेक म्हणाला, बारापासून वर सहा-सहा घाला, सोमवारी गाडी आली की दोन-दोन भरू. सगळे म्हणाले, भरू. शुक्रवारी हार चढला, ग्रोशेकनं वरून पेला फोडला, आम्ही शनिवारी पण पीत होतो. सोमवारी सकाळी वर गेलो तर आच्छादनवाले आमच्या आधी, शनिवारीच चढलेले. सगळं पोलाद त्यांनी अग्निरोधक फळ्यांनी झाकून टाकलं होतं."

"मग फळ्या उतरवायच्या!"

"कुणी सांगायचं? ग्रोशेकला? महापौरांना?" त्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला आणि कळवळला. "आम्ही नऊ जण होतो. आठ गेले. आठांनीही तोंड उघडलं नाही. ग्रोशेकची बायको अजून आहे, दर रविवारी त्याच्या थडग्यावर फुलं ठेवते."

"आणि आपण केअरटेकर झालात."

"कारखाना बंद पडला, जागा निघाली. म्हटलं, निदान कुणीतरी तिच्यावर कान ठेवून असावं."

मी त्याला सांगितले की पोलादावर कान ठेवून बोल्ट वाढत नाहीत. तो म्हणाला, "ते मला कळतं, डॉक्टरबाई. म्हणून तर आयुष्यभर नीट झोप नाही."

परत येताना मी शीळ घालत होते. शेजारच्या मेर्टेन्सबाईंनी तसे सांगितले. मला स्वतःला कळले नव्हते.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

अहवालाला परिशिष्ट हवे: सहा बोल्टांनी इमारत पडते, आठांनी ती उभी राहते. पहिला भाग सिद्ध करायला एक दिवस लागला. दुसऱ्याला चार.

सहा बोल्टांसाठी पडझडीचा क्षण पकडायचा तर गणित शनिवारपर्यंत चालवणे भाग होते. म्हणून या वेळी आग विझल्यावर थांबले नाही. तुळया निवू दिल्या. तापलेली तुळई दाबाखाली झोळ घेते तेव्हा ती कायमची आखूड होते. ती निवली की मूळ लांबीला परत येत नाही. ती आता दोन्ही टोकांच्या खांबांपर्यंत अपुरी पडते, आणि त्यांना आत ओढू लागते. काँक्रीटच्या जाड थरात ऊब दिवसेंदिवस राहते, म्हणून ही ओढ आग विझल्यानंतरही वाढतच जाते. शनिवारी सकाळी प्रत्येक टोकाशी ती पन्नास टन ओलांडत होती; पूर्ण निवेपर्यंत ती चौऱ्याण्णव टनांवर जाते. आणि बोल्टांचे पोलाद तुळयांसारखे नसते. ते कठीण करण्यासाठी आधीच एकदा तापवून तेलात विझवलेले असते. सहाशे अंशांनंतर ते निवले तरी त्याची ताकद परत येत नाही.

सहा बोल्ट: बावन्न टन.

आठ बोल्ट: एकोणसत्तर टन.

तीनदा तपासले. प्रत्येक गृहीतक इमारतीच्या बाजूने झुकवून पाहिले. ब्याऐंशीच्या पुढे काही केल्या जात नाही.

यातला एकही घटक मला नवा नाही. निवणाऱ्या तुळईवर माझेच एक व्याख्यान आहे. तीन विद्यापीठांत दिले आहे. गुरुवारचा माझा कागद काढून पाहिला. गणित सतराव्या तासाला थांबते. तिथे माझ्या अक्षरात लिहिले आहे: 'येथून पुढे स्थिती सुधारते.' सुंदर अक्षर आहे. अशा वाक्यावर मी विद्यार्थ्याला पुन्हा वर्गात बसू दिले नसते.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ओस्टरकाम्पला दोन्ही गणिते दाखवली. त्याने दुसरे उलटे करून मेजावर ठेवले, जणू त्याला वास येत होता.

"डॉक्टर हेलवेगे, बोल्ट कमी होते हे खरं की नाही?"

"खरे."

"मग झालं की! लोकांना कारण कळलं, पेपरवाल्यांना गुन्हेगार मिळाले, आणि गुन्हेगार सगळे स्मशानात. एक उरलाय, त्याच्यावर आता खटलाही होत नाही, मुदत संपली. कुणाचं नुकसान आहे यात?"

"आठ बोल्टांनीही ती पडते."

"असेल. पण विचारलंय कुणी? उद्या अहवाल द्या. पहिलं गणित जोडा. दुसरं कशाला?" मग आवाज उतरवून, "तुमची तीस वर्षं आहेत या शिक्क्यात. एका ओळंब्यासाठी घालवणार?"

मला या माणसाची घृणा वाटते, ही नवी गोष्ट नाही. नवी गोष्ट ही, की घरी येऊन मी पहिल्या गणिताची स्वच्छ प्रत काढली, दुसऱ्याची काढली नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

सकाळी पावेल्चिककडे गेले. तो आता भावजयीकडे राहतो; रेल्वेपुलाजवळ, दुसरा मजला, विटांचे घर. डावा हात झोळीत. चुलीवर बटाट्याचे सूप होते.

त्याला का सांगायचे होते, हे मला तिथे पोचेपर्यंत ठरवता आले नाही. माझी अशी समजूत होती की मी त्याला काही तरी देते आहे आणि त्याने ते घेऊन आभार मानावेत.

"आपले बोल्ट पूर्ण असते तरी इमारत पडली असती," मी म्हटले. "ओढ चौऱ्याण्णव टन. सहांची ताकद बावन्न, आठांची एकोणसत्तर. केव्हा पडली असती ते तासांत सांगता येत नाही. पडली असती."

त्याने पळी खाली ठेवली.

"म्हणजे आठही घातले असते तरी?"

"तरी."

"माझी बायको हिल्डा म्हणायची, एकदा समुद्र बघू या. मी म्हणायचो, बिल्डिंग कोण बघणार? चाळीस वर्षं, डॉक्टरबाई. एक आठवडा नाही गेलो. ती गेली तेव्हासुद्धा दफन उरकून संध्याकाळी परत आलो." तो उठला, उभा राहिला, पुन्हा बसला. "आणि आता तुम्ही सांगताय, त्यानं काही फरक पडत नव्हता."

मी सांगितले की त्या रिकाम्या भोकांमुळेच तो दारासमोर बसला, म्हणून फरक पडला. हे वाक्य बरोबर आहे. त्याच्यावर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

"हे कुणाला माहीत आहे?"

"ओस्टरकाम्पला. त्याला ते नको आहे. कारण म्हणून बोल्ट पुरेसे आहेत, असे तो म्हणतो."

"मग घाला की बोल्टांवर." तो एकदम चिडला. "मी सवयीचा आहे! ग्रोशेक मेलाय, त्याला काय? मला लोक शिव्या देतील, देऊ देत. पण निदान ते माझं होतं. तुम्ही इथं येऊन तेही काढून घेताय!"

"कारण ते खोटे आहे."

"मग खरं काय? पाडली कुणी?"

"आगीने. निवताना."

"ते नाही विचारत." त्याने माझ्याकडे असे पाहिले, जसे कोणी भिंत उभी करण्याआधी जमीन पाहते. "त्या शनिवारी लोकांना आत कोण पाठवत होतं?"

मी म्हणाले, "मी."

चुलीवर सूप उतू गेले. त्याने ते उतरवले, दोन थाळ्या भरल्या आणि एक माझ्यापुढे सरकवली. मीठ जास्त होते आणि शहाजिरे मला आवडत नाही. आम्ही ते संपवले. निघताना त्याला सांगितले की तक्रार मागे घेते. तो म्हणाला, "दारं मात्र मी बिघडवली होती. तेवढं राहू द्या."

दुसऱ्या गणिताची प्रत काढली. दुपारी चारला अहवाल घेऊन ओस्टरकाम्पसमोर उभी राहिले. त्याने शेवटचे पान उघडले. तिथे लिहिले आहे की प्रवेशाची परवानगी चुकीची होती. ती देणाऱ्या इर्मट्राउड हेलवेगे यांनी गणित आग विझताच थांबवले. बोल्ट पूर्ण असते तरी इमारत पडली असती. आणि त्रेचाळीस घरांतील माणसे केअरटेकर गेर्विन पावेल्चिक यांनी दारे बंद केल्यामुळे वाचली.

त्याने दोनदा वाचले. मग मवाळपणे विचारले, "निदान नाव तरी काढू या का? 'तपासणाऱ्या अभियंत्यानं' एवढंच लिहिलं तर?"

"असे अकरा आहेत," मी म्हणाले. "उरलेल्या दहांनी हे केलेले नाही."

पिशवीतून शिक्का काढून त्याच्या मेजावर ठेवला. त्याने पोचपावती लिहून दिली. तारीख चुकली होती. दुरुस्त करून घेतली.